भटकंतीच्या लेखनातले भटके

पर्यावरण आणि प्रवास या विषयांना वाहिलेली नियतकालिके, पुरवण्या आणि दिवाळी अंक यांची मराठीत आता चांगली गर्दी झाली आहे. गडकोट, जंगल, पक्षी, पाणथळ जागा, कासच्या पठारावरची फुले, एखाद्या आडगावातला मुक्काम, आणि हे सारे निसर्गाला ओरखडा न काढता कसे पाहावे याचे मार्गदर्शन, असा या अंकांचा ऐवज असतो. कागद उत्तम, छायाचित्रे देखणी, लेखकांची कळकळ बहुधा खरी. मी हे अंक नियमाने वाचतो. मात्र माझी नजर मजकुराआधी लेखाच्या शेवटी जाते. तिथे लेखकाचा चार ओळींचा परिचय छापलेला असतो. हाडाचा भटक्या, पेशाने अभियंता, मनाने भटका, सह्याद्रीने वेड लावलेला, अशा धर्तीचे हे परिचय असतात.

या चार ओळींविषयी मला लिहायचे आहे. लेखन कसे आहे याची चर्चा आपल्याकडे होते. लिहिणारा कोण आहे आणि त्याला लिहिण्याचा अधिकार कोठून आला याची होत नाही. दलित साहित्याने प्रस्थापित मराठी समीक्षेपुढे जे प्रश्न टाकले त्यांत हा अगदी पहिला होता. कथा-कवितेपुरता तो आता मान्य झाला आहे, निदान परिसंवादात तरी. निसर्गलेखन आणि प्रवासलेखन मात्र त्यातून सहीसलामत सुटले. झाडाला जात नसते, डोंगराला जात नसते, असे म्हटले की विषय संपतो. झाडाला नसते हे खरेच आहे. त्या झाडाखालच्या पारावर कोणी बसावे याला होती, आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे.

प्रथम ‘भटक्या’ हा शब्दच घेऊ. हा शब्द मराठीत कधी गौरवाचा नव्हता. आजही तो सरकारी दाखल्यावर येतो तो भटक्या जमाती म्हणून. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून कित्येक फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती केल्या, हजेरी लावली, बाहेर जायचे तर परवाना घ्यायला लावला. देश १९४७ साली स्वतंत्र झाला; हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस उजाडावा लागला. त्यानंतर हे लोक ‘विमुक्त’ झाले. पण सराईत गुन्हेगारांसाठी लगेच वेगळे कायदे झाले आणि गावात चोरी झाली की पालावर धाड, हा शिरस्ता चालू राहिला.

कैकाडी, वडार, पारधी, मसणजोगी, नंदीवाले, कुडमुडे जोशी, डवरी गोसावी हे सारे भटके. यांतल्या कोणालाही भटकण्याची हौस नव्हती. टोपल्या विकायला दुसरे गाव लागते, फोडायला दुसरा दगड लागतो, भिक्षेला दुसरे दार लागते, म्हणून ते चालत राहिले. आता हाच शब्द शहरातला पांढरपेशा वर्ग शनिवारी रात्री सॅकबरोबर पाठीला लावतो आणि रविवारी रात्री सॅकबरोबर उतरवून ठेवतो. लोकांनी डोंगरात जाऊ नये असे मला मुळीच म्हणायचे नाही, अवश्य जावे. परंतु ज्या शब्दाने एका माणसाला पोलीसपाटलाकडे हजेरी द्यावी लागते, तोच शब्द दुसऱ्याला लेखकाच्या परिचयात भूषण म्हणून मिरवता येतो, हा फरक भाषेचा नाही, समाजरचनेचा आहे.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस झाला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. सोलापूर जिल्ह्यातले हे लोक भिक्षुकीसाठी फिरत तिथवर गेले होते. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा उठली होती. आठवडे बाजारातून त्यांना ओढून ग्रामपंचायतीच्या खोलीत घातले आणि मारले. अनोळखी गावात, पाठीवर झोळी, आडवाटेने आलेली पाच माणसे. नेमके हेच वर्णन दर रविवारी सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत उतरणाऱ्या गिर्यारोहकांच्या टोळक्याला लागू पडते. त्यांना गाव चहा देते. कपड्यांवरून, बोलण्यावरून, बुटांवरून गाव ओळखते की हे कोण. प्रवासलेखनात या चहाचे ‘गावकऱ्यांचा निर्व्याज पाहुणचार’ असे वर्णन येते. तो निर्व्याज असेलही. पण तो कोणाच्या वाट्याला येतो हे लिहिल्याशिवाय वर्णन पुरे होत नाही.

या अंकांत लेखाच्या शेजारी एक चौकट असते. कसे जाल, कोठे राहाल, काय खाल. मला विचाराल तर सबंध लेखात सर्वांत जास्त सामाजिक मजकूर या चौकटीत असतो, आणि लिहिणाराला त्याचा पत्ता नसतो. ‘मुक्कामासाठी गावातील मारुतीचे मंदिर उत्तम. पाणी जवळच्या विहिरीवर मिळते. आधी कळविल्यास गावातील घरी जेवणाची सोय होते.’ या तीन साध्या वाक्यांत मंदिर, पाणवठा आणि चूल येऊन गेली. आमच्या लढ्याचा इतिहास याच तीन ठिकाणी घडला. कायद्याने आज कोणतेही मंदिर आणि कोणतीही विहीर मला बंद नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. पण पारावर बसलेला म्हातारा ‘पाव्हणं, आडनाव काय म्हणायचं?’ असे विचारतो तेव्हा माझ्या शेजारी बसलेला देशपांडे किंवा शिंदे सहज उत्तर देतो, आणि मी उत्तर देण्याआधी चार माणसांचे चेहरे वाचून घेतो. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला नायक नोकरीसाठी परमुलखात जातो आणि त्याला खोलीसाठी जात चोरावी लागते. तीही प्रवासाचीच कथा आहे. ‘गावात घरी जेवणाची सोय’ म्हणजे गावकुसाच्या आतल्या घरी सोय. शाश्वत पर्यटनाने गावाला उत्पन्न मिळते असे हे लेखक आवर्जून सांगतात, आणि ते खोटे नाही. मात्र त्या गावात ‘गाव’ आणि ‘वस्ती’ अशा दोन जागा असतात. पाहुणे पहिल्या जागी उतरतात. वस्तीवरच्या बाईला भांडी घासायला बोलावतात की तेही नाही, हे कोणत्याही चौकटीत छापलेले मी वाचलेले नाही.

मुक्कामाची ही अडचण जुनी आहे. गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती याचसाठी. वारीला गेलेला अस्पृश्य यात्रेकरू इतरांच्या धर्मशाळेत उतरू शकत नव्हता. पुढे ती धर्मशाळा बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

मराठी माणसाच्या प्रवासाविषयीचे सर्वांत महत्त्वाचे लेखन कोणते, असे मला कोणी विचारले तर मी बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींचे नाव घेईन. त्या इंग्रजीत आहेत, पुस्तिकेच्या रूपाने १९९० साली प्रसिद्ध झाल्या. नावातच व्हिसा आहे. स्वतःच्या देशात फिरायला लागणारा परवाना. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून कोरेगावला निघाले. नवे कपडे, आगगाडीचा प्रवास, मुलांचा आनंद. कोणत्याही प्रवासवर्णनाची सुरुवात अशीच असते. मसूर स्टेशनावर स्टेशनमास्तरला जात कळते आणि प्रवासवर्णनाचा सूर बदलतो. बैलगाडी मिळत नाही. अखेर दुप्पट भाडे, मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरते. बरोबर जेवण असते पण पिण्याजोगे पाणी नसते, आणि रात्र नाक्यावर तहानेने काढावी लागते. त्याच आठवणींत १९३४ सालची दौलताबादची सहल आहे. चळवळीतले सुमारे तीस सहकारी बाबासाहेबांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेला हौद. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या माणसांनी तोंडे धुतली, पाय धुतले. हौद बाटवला म्हणून आरडाओरड झाली, जमाव धावून आला. जमाव मुसलमानांचा होता. अस्पृश्यता तिथे धर्माची हद्दही ओलांडून उभी होती. शेवटी किल्ला पाहू दिला, पण एका हत्यारबंद शिपायाला बरोबर देऊन. आत कोठे पाण्याला शिवू नये एवढेच त्याचे काम.

किल्ल्यांवर मराठीत किती लिहिले गेले! गो. नी. दांडेकरांपासून ही एक समृद्ध परंपरा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केल्यावर तर लेखांचा पूर आला. दौलताबाद त्या बारांत नाही, तरी गिर्यारोहकांच्या लेखनात तो पुष्कळदा येतो. खंदक, अंधारी, मेंढा तोफ, सर्व काही येते. हौदाकाठची ही सहल येत नाही. मी एकदा या सहलीवर एक छोटा लेख लिहून अशाच एका नियतकालिकाकडे पाठविला होता. संपादकांचे उत्तर सौजन्याचे होते. लेख चांगला आहे, पण सामाजिक स्वरूपाचा आहे, आमचा वाचक निसर्गाकडे आणि वारशाकडे विरंगुळा म्हणून येतो, असा त्याचा मथितार्थ. तीस माणसे लेणी आणि किल्ला पाहायला जातात, याला सहल म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? मला राग आला तो लेख परत आल्याचा नव्हे. त्या तीस माणसांना पर्यटक म्हणून मान्यता नाकारली गेली याचा होता. १९३४ साली शिपायाने निदान आत तरी सोडले होते.

पर्यावरणस्नेही प्रवासाचे एक घोषवाक्य सर्वत्र छापलेले असते. छायाचित्रांखेरीज काही नेऊ नका, पाऊलखुणांखेरीज काही ठेवू नका. उपदेश चांगला आहे. पण पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, आपलीच पाऊलखूण आपणच पुसत जावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात नोंदवले आहे. ज्यांच्या पूर्वजांना पाऊलखूण ठेवण्याचीही मुभा नव्हती, त्या वाचकाच्या मनात या घोषवाक्याने काय उमटत असेल, याचा विचार करायला ते वाक्य लिहिणारांमध्ये आमच्यापैकी कोणी बसलेला असावा लागतो. तीच गोष्ट गडावरच्या स्वच्छता मोहिमांची. सुट्टीच्या दिवशी प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा करणाऱ्या तरुणांचे फोटो छापून येतात. काम चांगलेच आहे. परंतु पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या झेंड्याखाली संघटित झालेल्या स्त्रिया, ज्यांत बहुसंख्य दलित आहेत, रोज हेच काम पोटासाठी करतात. पर्यावरणाची सेवा कोणाची, हे प्लॅस्टिकच्या वजनावर ठरवायचे म्हटले तर परिचयाच्या चार ओळी कोणाच्या छापाव्या लागतील?

आता अधिकाराच्या मूळ मुद्द्याकडे येतो. भूमीचे ज्ञान कोणाला होते? गावगाड्यात शिव सांगणे हे महाराचे काम होते. दोन गावांत हद्दीचा तंटा लागला की महाराची साक्ष चाले. कोणत्या ओढ्यापासून कोणत्या धोंड्यापर्यंत, कोणत्या बाभळीच्या अलीकडे, हे त्याला पाठ असे. आल्यागेल्याला पुढच्या गावाची वाट दाखविणे, सांगावा घेऊन जाणे, मयताची खबर पोचविणे ही त्याची वेठ होती. किल्ल्यांच्या घेऱ्यात महार, मांग, रामोशी, कोळी यांच्या चौक्या असत. रात्रीबेरात्री रान ओळखणारी माणसे तीच. महार वतने १९५८ च्या कायद्याने संपली आणि ती संपायलाच हवी होती. बाबासाहेब त्यासाठी १९२८ पासून झगडत होते. पण वेठ गेली तरी त्या ज्ञानाला ज्ञान म्हणून कोणी नोंदविले नाही. आजच्या प्रवासलेखात जो ‘स्थानिक वाटाड्या’ येतो तो याच माणसाचा वारस. त्याला बहुधा नाव नसते. असले तर पहिले नाव, एकेरी. ‘आमचा वाटाड्या सखाराम हसत म्हणाला’. लेखकाचे वय पंचवीस आणि सखाराम साठीचा असला तरी एकेरीच. उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी पाहायला लोक जातात. पक्षी कोठे बसलेत, ऊन कोठून हवे, होडी किती अंतरावर थांबवली की थवा उठत नाही, हे सारे होडीवाल्याला कळते. छायाचित्राखाली नाव मात्र कॅमेरा धरणाऱ्याचे.

सगळ्यांना एका मापाने मोजू नये. मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. वनाधिकारी म्हणून त्यांची हयात जंगलात गेली, आणि पक्ष्यांची, झाडांची नावे आपण पारध्यांकडून, गोंडांकडून शिकलो हे त्यांनी कधी झाकले नाही. मराठी निसर्गलेखनातला हा मोठा प्रामाणिकपणा आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगर हे देखाव्याचा भाग म्हणून येत नाहीत, माणसे म्हणून येतात. तरीही एक गोष्ट उरते. पारधी तिथे सांगणारा आहे, लिहिणारा नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तितर-लाव्यांना फासे लावणारा पारधी गुन्हेगार ठरला, गारुड्याचा साप आणि दरवेशाचे अस्वल बेकायदा झाले. प्राणी वाचायला हवेत याबद्दल वाद नाही. पण त्या माणसाला पर्यायी भाकर कोणी दिली, याची चौकशी संवर्धनावर लिहिणाऱ्या किती जणांनी केली?

गायरानाचे तेच. माळरानावरचा माळढोक, लांडगा, गवताच्या जाती यांवर अलीकडे फार चांगले लेखन होत आहे. त्यात एक शब्द ठरलेला असतो: अतिक्रमण. गायरानावर अतिक्रमण झाले आणि गवताळ प्रदेश संपले. कोणाचे अतिक्रमण? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली, ती याच पडीक जमिनीच्या तुकड्यासाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाला १९९१ साली घ्यावा लागला. मराठवाड्यात त्या तुकड्यांवरून आमची माणसे मार खातात, पिके जाळली जातात. माळरान राहावे आणि भूमिहीनाला जमीनही मिळावी, हा अवघड प्रश्न आहे. माझ्याकडे त्याचे तयार उत्तर नाही. पण ‘अतिक्रमण’ एवढा एक शब्द लिहून पुढच्या परिच्छेदात माळढोकाच्या नृत्याकडे वळणारा लेखक हा प्रश्न अस्तित्वातच नाही असे धरून चालतो. बागाईतदाराने बुजवलेला ओढा आणि धनदांडग्यांचे डोंगरउतारावरचे बंगले यांना त्याच्याकडे इतका तयार शब्द नसतो.

येथे आमच्या समीक्षेलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’ १९८३ साली, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. या पुस्तकांवर आपण भरपूर लिहिले. व्यथा, वेदना, विद्रोह, नकार. हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले. पण ही पुस्तके चालणाऱ्या माणसांची आहेत, हे कोणी नीट पाहिले नाही. बिऱ्हाड पाठीवर किंवा जनावरावर घालून गावोगाव फिरणे, ऋतूप्रमाणे मुक्काम हलविणे, फोक कोणत्या ओढ्याला मिळतील आणि टोपलीला कोणते चालतील हे ओळखणे, पाल कोठे ठोकले तर पावसाचे पाणी शिरणार नाही याचा अंदाज घेणे, हे निसर्गाचे ज्ञान नव्हे काय? दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्रा’त (१९५६) महिने फुलांनी आणि रंगांनी ओळखू येतात, आणि ते पुस्तक मला प्रिय आहे. पालावरचा माणूस महिने पाण्याने, चाऱ्याने, सुगीच्या भिकेने ओळखतो. दोन्ही ऋतुचक्रेच. एक निसर्गलेखनात गेले आणि दुसरे ‘आत्मकथन’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवले गेले. प्रवासवर्णनाच्या अभ्यासात ‘उपरा’चे नाव कोणी काढलेले मी ऐकलेले नाही.

आपल्याकडून निसर्गाबद्दल संशय बाळगला गेला याला कारण आहे. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सडेतोड उत्तर दिले होते, आणि शहराकडे चला हा त्यांचा सांगावा आमच्या दोन पिढ्यांनी मानला. चंद्र-चांदण्यांच्या कवितेत आमची भाकर नव्हती. म्हणून आम्ही रान त्यांना देऊन टाकले. हा व्यवहार आता उलटा करायला हवा. रानात अजून आमची माणसे आहेत. ऊसतोडीला जाणारी आहेत, वीटभट्टीवरची आहेत, जंगलतोड कामगार आहेत, मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगरांचे वाडे आहेत. मेंढरे रात्री शेतात बसवायची आणि खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, ही त्यांची रीत कोणत्याही ‘शाश्वत’ योजनेपेक्षा जुनी आहे.

तेव्हा अशा नियतकालिकांच्या संपादकांना मी सुचवीन की आमच्यावर विशेषांक काढू नका. ‘भटक्यांचे जग’ असा विशेषांक निघतो, त्यात पालाची रंगीत छायाचित्रे येतात आणि पुढच्या अंकापासून पुन्हा तेच अभियंते लिहू लागतात. नेहमीच्याच अंकात, नेहमीच्याच सदरात लेख मागवा. लाव्याचा आवाज काढून लाव्याला जवळ बोलावणारा पारधी अजून सापडेल. त्याला लिहिता येत नसेल तर त्याने सांगावे, दुसऱ्याने उतरून घ्यावे, नाव त्याचे छापावे, आणि अभियंत्याला द्याल तेवढेच मानधन त्याला द्यावे. वाटाड्याचे पूर्ण नाव आडनावासह, अहो-जाहोने. होडीवाल्याचे छायाचित्राखाली. राहण्याच्या चौकटीत वस्तीवरच्या एखाद्या घराचाही पत्ता. या सूचना मी गेल्या वर्षी दोन संपादकांना पत्राने कळविल्या होत्या. एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्याने पारध्याचा पत्ता मागितला आहे. तो मी मिळवून देणार आहे, आणि लेख छापून आला की परिचयाच्या चार ओळींत काय येते ते पाहणार आहे.